पहाटे ठिबकचा व्हॉल्व्ह उघडताना मन शांत होतं, याला नेमकं काय म्हणायचं?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी रावेर तालुक्यातली. नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, मागच्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि आठवड्याच्या आत आबा गेले, म्हणजे माझे वडील. आजार नाही, दुखणं नाही, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. घरी आई एकटी आणि शेतात साडेतीन एकर केळी उभी, काही निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, काही निसवायची. ऑफिसला सांगून घरून काम मागून घेतलं आणि तेव्हापासून दिवसा लॅपटॉप, बाकी वेळ केळी असं चाललंय.

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीचा आठवडा असला की मी साडेतीन-चारला उठून जाते. मोटर चालू करायची, फिल्टरवरचा काटा बघायचा, मग व्हॉल्व्ह. आधी नळ्यांतून हवा फुसफुसते, दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, आणि मग एकेका ड्रिपरच्या तोंडाशी थेंब जमायला लागतो. तो लगेच पडत नाही. आधी फुगतो, मग लोंबतो, बॅटरी जवळ धरली तर वरचं पान त्यात उलटं दिसतं, आणि मग पडतो. मी रोज एकाच झाडापाशी उकिडवी बसते आणि पहिला थेंब पडेपर्यंत उठत नाही. त्या झाडाचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, काल किती उलगडला होता, आज किती, ते पण बघते. आणि खरं सांगते, गेल्या सहा महिन्यांत माझं मन ठिकाणावर असतं ते फक्त तेवढा वेळ.

आता अडचण सांगते. आबा गेल्यावर जो येई तो मला निसर्गाचे दाखले द्यायचा. पान पिकलं की गळणारच, नदी थांबते का, वगैरे. एक जण म्हणाले, घड कापल्यावरही केळीचं खोड उभं ठेवतात ना, ते बुडाशी फुटलेल्या पिलाला पोसतं, तसे आबा तुझ्या पाठीशी उभे आहेत. सगळ्यांनी मायेनं सांगितलं, मला कळतं. पण मला ते आत उतरलंच नाही. खोड ठेवतात कारण त्यातलं अन्नपाणी पिलाला मिळतं, ती शेतीची गोष्ट झाली. माझे आबा केळीचं खोड नव्हते. ते माणूस होते, रात्री उशाशी रेडिओ ठेवून झोपायचे, आणि आमरसात सुंठ इतकी टाकायचे की आई रोज ओरडायची.

म्हणजे बघा, निसर्ग काय शिकवतो असं कोणी सांगितलं की माझं मन बंद होतं, आणि त्याच शेतात थेंबाकडे बघत बसले की उघडतं. त्या थेंबात मला आबा दिसत नाहीत, देव दिसत नाही, काहीच दिसत नाही, फक्त थेंब दिसतो, तरी जगावंसं वाटतं. याला अर्थ सापडणं म्हणायचं का? की नुसते हात कामात गुंतले म्हणून तेवढा वेळ दुःख विसरतेय? तुमच्यापैकी कोणाला असं काही झालंय का? उपदेश नको, तुमचा अनुभव सांगा.

सुकी_काठचा_मास्तर

बेटा, मी पण तुझ्याच तालुक्यातला. भूगोल शिकवला तीस वर्षं. तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे पोरांकडून घोकून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा जो पट्टा आहे त्याला बझाडा म्हणतात, डोंगरातून आलेलं पाणी तिथं जमिनीत मुरतं आणि खाली आपल्या विहिरींना येतं, हे फळ्यावर चित्र काढून काढून शिकवलं. पण बघितलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं रोज, सुकी नदी घरापासून दहा मिनिटांवर, पण थांबून बघितलं नव्हतं.

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात घरात बसवेना म्हणून वरच्या अंगाला पायथ्याकडे गेलो. डोंगरात पाऊस झालेला, आमच्याकडे कोरडं. नाल्याच्या कोरड्या पात्रात पाणी येताना दिसलं. लोंढा नव्हता, पाण्याची एक जीभ होती, चार बोटं उंचीची, पुढं काडीकचरा, फेस, आणि त्याच्याही पुढं मुंग्यांची पळापळ. ती जीभ गोट्यांवरून हळूहळू पुढं सरकली आणि एका जागी थांबली. मागून पाणी येतंच होतं, पण पुढं जाईना. जितकं येत होतं तितकं तिथंच जिरत होतं. मी तिच्या तोंडाशी एक काडी खोचली आणि बसलो. तासभर ती काडी ओली व्हायची, कोरडी व्हायची, पण पाणी तिला ओलांडून गेलं नाही. कान खाली नेला तर गोट्यांच्या आतून बारीक आवाज, सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर येतो ना, तसा.

तीस वर्षं जे शिकवलं ते त्या तासात मला कळलं, आणि तेव्हापासून मी दर पावसाळ्यात काडी खोचायला जातो. कुठल्या तारखेला पाणी कुठपर्यंत आलं ते वहीत लिहितो. हे पण सांगतो की ते पाणी आता पुरत नाही. माझ्या वडिलांच्या विहिरीवर मोट चालायची, आता त्याच शिवारात शेकडो फूट बोअर खोल गेलेत, केळीला आपण जमिनीतून जेवढं उपसतो तेवढं ही नदी मुरवू शकत नाही. वही बघितली की त्याचीही काळजी वाटते. पण ती काळजी मला घराबाहेर काढते. आज गावात नालाखोलीकरणाची मीटिंग असली की मी पहिल्या रांगेत असतो, आधी जात नव्हतो.

तुझ्या प्रश्नावर. हात गुंतले म्हणून शांत वाटतं का? असेल. पण हात मोबाईलमध्येही गुंततात, दोन-दोन तास, त्यानंतर असं वाटतं का? नाही ना. मग हात कशात गुंतले याला काहीतरी महत्त्व असणार. आणि तू म्हणतेस थेंबात काहीच दिसत नाही फक्त थेंब दिसतो, अगं तेच तर अवघड असतं. मला ते साठाव्या वर्षी जमलं.

भुसावळ_लॉबी

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी मालगाडी चालवतो, भुसावळ-खंडवा आमचा नेहमीचा रस्ता. कोणाला सांगत नाही पण तुम्ही अनुभव मागितला म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी रात्री माझ्या गाडीखाली एक माणूस आला. मालगाडी जागेवर थांबत नाही, ब्रेक लावला तरी खूप पुढं जाते, माझ्या हातात काही नव्हतं, सगळे हेच म्हणाले आणि ते खरं पण आहे. पण त्यानंतर ड्यूटीवर गेलो की हेडलाईटच्या उजेडात मला फक्त रूळ दिसायचे आणि रुळावर कोणी उभं आहे का एवढंच. बाजूचं जग संपलं होतं. घरी पोरगी बोलायची तर तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा.

आमच्यात एक पद्धत असते, पुढचा सिग्नल दिसला की दोघांनी हात दाखवून मोठ्यानं म्हणायचं, आधी एकानं मग दुसऱ्यानं, म्हणजे कोणाची नजर चुकायला नको. होळीच्या आसपासची गोष्ट, बऱ्हाणपूर सोडलं, असीरगड रोड गेलं, पुढं नेपानगरकडे डोंगराचा भाग लागतो. उजाडत होतं. माझा असिस्टंट नवीन पोरगा होता, बिहारचा. त्यानं एकदम हात समोर केला, मला वाटलं सिग्नल, बघतो तर वळणावर एकटा पळस, पान एक नाही, सगळा पेटलेला. पोरगा काही बोलला नाही, नुसता हात तसाच धरून बसला. आणि मी सवयीनं, जसा सिग्नल म्हणतो तसं मोठ्यानं म्हणालो, पळस! त्यानं पण म्हटलं, पळस! मग पुढं अजून दोन, मग एक काटेसावर, ती पण म्हटली.

ताई, मी रडलो नाही की काही नाही. पण त्या दिवशी घरी आलो तेव्हा पोरगी काय बोलतेय ते नीट ऐकू आलं. तो पोरगा आता दुसऱ्या डिव्हिजनला गेला. मी अजून पण मनात म्हणतो. पळस संपला की मे महिन्यात बहावा, पंचेचाळीस डिग्रीत इंजिनमध्ये भाजून निघतो माणूस आणि तो पिवळा झुलत असतो. पावसाळ्यात तापीचा पूल आला की पाणी गढूळ की निवळ, ते. पळस मला काही शिकवत नाही, तुम्ही म्हणता तसंच. पण तो आहे एवढं मोठ्यानं म्हटलं की मी पण आहे असं वाटतं. याच्यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

शिंदखेड्याची_सून

वरचं सगळं वाचलं. मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, पण मला जे वाटतं ते लिहिते, तापीकाठची ताई राग मानू नको.

तुझ्याकडे ठिबक आहे, म्हणजे खाली पाणी आहे. आमच्याकडे कोरडवाहू कापूस. माझी सासू म्हणायची, "पोट भरेल माणूसलेच झाड दिसस." मला हे तेव्हा कडू वाटायचं पण २०१७ ला कळलं. त्या वर्षी बोंडं नुसती लगडली होती, घरात सगळे खूश, पोराच्या शाळेची फी, पत्र्याचं काम, सगळं त्या बोंडांवर ठरवलेलं. वेचणीला गेलो आणि बोंड उघडलं तर आत गुलाबी अळी. एक पाकळी पांढरी आणि बाकी सगळं पिवळं, चिकटलेलं, कडक. त्याला आम्ही कवडी म्हणतो, ती ओढली तर बोंडातून निघत पण नाही, बोटं सोलतात. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, एका झाडाची पंचवीस बोंडं मी तिथंच बसून उघडली. आता तूच सांग, मी पण त्या दिवशी एकाच झाडापाशी बसून नीट बघत होते की, तुझ्या थेंबाइतकंच जवळून बघत होते. त्यात कुठला अर्थ होता? निसर्गाला आपलं काही पडलेलं नसतं. अळीला पण जगायचं असतं, तिला माझ्या पोराची फी माहीत नाही.

मला जे मिळालं ते माणसांकडून मिळालं. शेजारच्या दोघी जणी न बोलावता आल्या, त्यांच्या पण शेतात तेच झालेलं, आणि आम्ही तिघींनी मिळून आधी माझी कवडी वेचली, मग एकीची, मग दुसरीची. भाव काय मिळणार हे माहीत होतं तरी वेचली. दुपारी बांधावर कळण्याची भाकर आणि मिरचीचा खुडा, कोणी कोणाला धीर दिला नाही, उलट कोणाची जाऊ कशी वागते ते बोलून आम्ही पोट धरून हसलो. आणि दुसरं म्हणजे कानबाई, आमच्या खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, भाऊबंदांची सगळी घरं एका घरात येतात, वर्षभर बोलत नाहीत ते पण येतात, रात्रभर जागरण. पुढच्या वर्षी कानबाईला मी दळण दळताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की हां, आता बरं चाललंय.

म्हणून मी म्हणेन, झाडात शोधू नको, माणसांत बघ. तू लिहिलंय त्यात आई फक्त एकदा आलीय, "घरी आई एकटी" एवढंच. आई कशी आहे ते लिही ना.

सुकी_काठचा_मास्तर

शिंदखेड्याच्या ताई, तुमचं बोलणं लागलं आणि पटलं पण. बोंडातलं वाचून मी पुढं बराच वेळ काही वाचू शकलो नाही. एवढंच म्हणतो की तुम्ही पण ती पंचवीस बोंडं बघितलीत, तोंड फिरवलं नाहीत. पाणी जिरतं तेही बघावं आणि बोअर आटतो तेही बघावं. मी फक्त आवडणारं तेवढं बघितलं असतं तर वही कधीच बंद झाली असती.

बोरीकाठ

अमळनेरहून. आमच्या गावात प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आयुष्य म्हणजे काय यावर अभ्यास करायला तिथं विद्वान येऊन राहायचे. लहानपणी मला वाटायचं उत्तर त्या कंपाउंडच्या आत आहे. आणि त्याच गावात माझी आजी वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात जायची. यात्रा बघून झाली की बाजूला वाळूत बसायची आणि मुठीत वाळू घेऊन सोडायची, परत घ्यायची परत सोडायची, तासन् तास. काय करतेस विचारलं की म्हणायची बसले आहे. मला वाटतं तुमचा थेंब आणि आजीची वाळू एकच असावी. ती पण आजोबा गेल्यावरच तशी बसायला लागली होती, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

एक विचारू का, पुण्याला परत जायचं ठरवलंय की राहणार आहात?

तापीकाठची

सगळ्यांचे खूप आभार. मी पाच-सहा दिवस उत्तर दिलं नाही कारण शिंदखेड्याच्या ताईंचा शेवटचा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला आणि परत उचलायला जमेना.

आई कशी आहे. ताई, मला माहीत नव्हतं. खरंच. ती स्वयंपाक करते, मी जेवते, ती विचारते लाईट कधीची आहे, मी सांगते. आबा गेल्यापासून ती शेतात आलीच नव्हती. मला वाटायचं तिला त्रास होईल म्हणून मीच कधी म्हटलं नाही, आणि एक खरं सांगते, ती पहाटेची वेळ मला माझी एकटीची हवी होती.

तुमचं वाचल्यावर मी काही धीर करून बोलले वगैरे नाही. फक्त परवा निघताना नेहमीसारखं हळूच कडी न काढता जोरात काढली. ती जागीच होती. म्हणाली थांब, आणि पायात चपला घालून आली. मी पुढं, ती मागं, एकच बॅटरी, त्यामुळे सगळ्या वाटेवर मी उजेड मागं टाकत चालले. मोटर लावली, व्हॉल्व्ह उघडला, आणि माझ्या झाडापाशी जाऊन बसले. मला वाटलं आई रडेल, आबांचं काही बोलेल. ती दोन ओळी पलीकडे गेली, वाकली, हातानं नळी चाचपली आणि म्हणाली, "या लाईनले पानी कमी पडून राह्यलं." मी म्हटलं नाही गं, सगळीकडे सारखं आहे. तर म्हणाली पोंगे बघ. बघितलं, तर खरंच त्या ओळीतले पोंगे बारीक, बाकीच्यांपेक्षा एक पान मागे. मी सहा महिने एकाच झाडाकडे बघत होते आणि दोन ओळी पलीकडची झाडं तहानलेली मला दिसली नव्हती.

आम्ही नळीचं शेवटचं टोक उघडलं. आधी काही नाही, मग लालसर गाळ आला, मग पांढरे क्षार, खडूच्या चुऱ्यासारखे, आणि मग भसकन पाणी. आईच्या साडीवर सगळं उडालं. ती तशीच नळी धरून उभी राहिली, निवळ पाणी येईपर्यंत. मग आम्ही चार ओळी केल्या. एकेका ड्रिपरला ती टिचकी मारायची आणि मी बॅटरी धरायची, थेंब आला की पुढं. बारा वर्षं आबांबरोबर ठिबकचं काम तिनं केलंय हे मला माहीत होतं, पण ती हे करताना मी कधी बघितलं नव्हतं, कारण मी पुण्यात होते. उजाडलं तेव्हा तिनं विचारलं, तू रोज त्या झाडापाशी का बसतेस. मी म्हटलं पहिला थेंब बघायला. ती म्हणाली बरं.

मास्तर सर, तुमचं हात कशात गुंतलेत ते वाक्य डोक्यात आहे. तुमची सुकी आमच्या बोअरला पाणी पाठवते हे पण आता डोक्यातून जात नाही, त्या मीटिंगला पुढच्या वेळी मला पण कळवा. भुसावळचे भाऊ, तुमची गाडी निंभोरा-रावेर वरून जाते ना, रात्री मालगाडीचा आवाज शेतापर्यंत येतो, आता तो आला की मी पण मनात पळस म्हणते. शिंदखेड्याच्या ताई, झाडात शोधू नको हे मला अजून पूर्ण नाही पटलं, आम्हा दोघींना जोडलं ते त्या चोंदलेल्या नळीनंच. पण तुम्ही विचारलं नसतं तर मी कडी जोरात काढली नसती.

बोरीकाठ, पुण्याचं अजून ठरत नाही. घड कापायला अजून दोन महिने आहेत, तोवर इथेच. सोमवारपासून परत रात्रीची लाईट आहे. आईनं आत्ताच कपाटातून आबांची जुनी बॅटरी काढून चार्जिंगला लावलीय, लागते का बघतोय.